कलम आणि कायदा : वर्धा परिसरातील संत्रा-रोपवाटिकांच्या नियमनाचा इतिहास

मराठीत ‘कलम’ हा शब्द तीन अर्थांनी रूढ आहे. लेखणी हा त्याचा मूळ अर्थ. अरबी ‘कलम’ फारसीच्या द्वारे मराठीत आला, आणि त्याच्याही मागे बोरू ह्या अर्थाचा ग्रीक ‘कालामोस’ हा शब्द असल्याचे मानले जाते. बोरूप्रमाणे तिरकस छेद देऊन जोडलेली फांदी ती ‘कलम’ हा दुसरा अर्थ, आणि लेखणीने लिहिलेल्या कायद्याचा अनुच्छेद हा तिसरा. व्यवहारात ह्या अर्थांचा घोटाळा कधी होत नाही. मोर्शीच्या बाजारात कलमांचा भाव विचारणारा शेतकरी आणि न्यायालयात कलम उद्धृत करणारा वकील एकच शब्द वापरतात, एवढेच. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या दोन कलमांची खरोखरीच गाठ पडली. संत्र्याचे कलम कोणी करावे, कोणत्या झाडाच्या डोळ्यापासून करावे, विकताना त्यावर काय लिहावे, ह्याविषयी राज्याने कायदा केला. हा कायदा का करावा लागला आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे पाहण्यास वर्धा जिल्ह्याचा परिसर विशेष सोयीचा आहे. कारण एका बाजूला आर्वी, आष्टी व कारंजा ह्या तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. आणि दुसऱ्या बाजूला, वस्तू विकत घेणाऱ्याने तिचे मूळ जाणले पाहिजे असा आग्रह धरणारा अर्थविचार ह्याच जिल्ह्यात, मगनवाडी व सेवाग्राम येथे, मांडला गेला.

फळझाडांच्या रोपांचा प्रश्न धान्याच्या बियाण्याहून वेगळा आहे. ज्वारीचे वा कपाशीचे बी निकृष्ट निघाले तर ते त्याच हंगामात कळते. नुकसान होते, पण पुढल्या वर्षी बी बदलता येते. संत्र्याचे तसे नाही. सहा मीटर अंतराने लागवड केल्यास हेक्टरी २७७ झाडे बसतात. त्यांच्यासाठी विहीर खोदावी लागते, कुंपण घालावे लागते, आणि चांगले उत्पन्न हाती येण्यास पाच-सहा वर्षे वाट पाहावी लागते. ह्या साऱ्या खर्चात कलमांची किंमत अगदी थोडी असते. तथापि बागेचे पुढील पंचवीस-तीस वर्षांचे भवितव्य त्या थोड्या किमतीच्या वस्तूवर अवलंबून असते. रोगट कलम लावणारा शेतकरी पाच वर्षे खतपाणी घालून आपल्या कर्जाचीच जोपासना करीत असतो. विकणारा जे जाणतो ते घेणाऱ्याला दिसत नाही, आणि पुष्कळदा विकणाऱ्यालाही ते दिसत नाही. नियमनाची गरज नेमकी येथून उत्पन्न होते.

नागपुरी संत्र्याची परंपरा भोसल्यांच्या दरबाराशी जोडली जाते. रघूजी भोसले ह्यांनी औरंगाबादेहून संत्र्याची झाडे आणवून नागपुरास आपल्या बागेत लाविली, असे सांगितले जाते. राजाच्या परसबागेतील हे झाड शेतकऱ्याच्या शेतात उतरले आणि लोहमार्गाने त्याला दूरची बाजारपेठ दिली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची गाडी वर्ध्यावरून नागपुरास १८६७ साली पोहोचली. बाजार वाढला तशी कलमांची मागणी वाढली, आणि कलमे करणे हा एक स्वतंत्र धंदा बनला. अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्याचे शेंदुरजना घाट हे गाव ह्या धंद्याकरिता प्रसिद्ध आहे. तेथील कलमे वर्धा जिल्ह्यातच नव्हे तर दूरवरच्या प्रांतांतही जातात.

ह्या धंद्यातील क्रिया थोडक्यात समजून घेतल्याशिवाय कायद्याचा रोख कळणार नाही. संत्र्याचे कलम म्हणजे एका देहात नांदणारी दोन झाडे होत. खालचा खुंट बहुधा जंबेरीचा, क्वचित रंगपूर लिंबाचा. जंबेरीचे बी वाफ्यात टाकून पन्हेरी तयार करतात, ती दुसऱ्या वाफ्यात लावतात, आणि खोड पेन्सिलीएवढे जाड झाले की त्यावर संत्र्याचा डोळा भरतात. डोळा फुटून वाढला की वरचा खुंट छाटून टाकतात. म्हणजे रोग येण्याचे मार्ग दोन झाले. वाफ्यातल्या मातीतून तो मुळांत शिरतो, आणि डोळकाडीतून तो वरच्या भागात येतो. ह्या दोन मार्गांपैकी पहिला निदान उघडा असतो. दुसरा मार्ग आधीच्या झाडाच्या इतिहासात दडलेला असतो, आणि तो इतिहास कलमावर कोठेही लिहिलेला नसतो.

येथे मगनवाडीकडे वळणे अप्रस्तुत होणार नाही. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना १९३४ साली झाली तेव्हा जमनालाल बजाज ह्यांनी वर्ध्यातील आपली बागेची जागा संघाला दिली, आणि मगनलाल गांधी ह्यांच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी हे नाव पडले. संघाचे कार्य पाहणारे जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा (१८९२–१९६०) हे हिशेबतपासनीस म्हणून शिकलेले अर्थशास्त्रज्ञ. ‘व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट?’ ह्या ग्रंथात त्यांनी एक सूत्र मांडले. वस्तू विकत घेणारा माणूस केवळ वस्तू घेत नाही. ती ज्या रीतीने निर्माण झाली त्या रीतीची जबाबदारीही तो घेतो. म्हणून ज्या उत्पादनाची रीत आपल्याला पाहता येते, तेवढ्याच टापूतील माल घ्यावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांचा रोख शोषणावर बनलेल्या दूरदेशीच्या मालावर होता. रोगट कलमांवर नव्हे. पण विचाराची चौकट कलमाला अचूक लागू पडते. आपल्याच गावातील झाडावरून डोळा घेऊन कलम बांधले, तर त्या झाडाला गेली दहा वर्षे कसा बहार येतो हे सारा गाव जाणत असतो. तेच कलम तीन तालुके ओलांडून आले की ती ओळख तुटते. रोपवाटिकेच्या कायद्याने पुढे जी नोंदवही मागितली, ती ह्या तुटलेल्या ओळखीची कागदी भरपाई होती.

सेवाग्रामच्या नावाची कथाही ह्याच जातीची आहे. गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर शेगाव ह्या खेड्यात राहावयास गेले. लोहमार्गावरील दुसऱ्या, अधिक प्रसिद्ध शेगावाशी नावाचा घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाऊ लागले, तेव्हा १९४० साली गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. एका नावाखाली दोन वस्तू वावरू लागल्या की व्यवहार अडतो; मग नाव तरी बदलावे लागते, किंवा नावाला पत्ता तरी जोडावा लागतो. ‘नागपुरी संत्र्याचे कलम’ ह्या एका नावाखाली निरोगी आणि रोगग्रस्त, जंबेरीवरचे आणि रंगपुरावरचे, जातिवंत झाडाचे आणि वांझोट्या फांदीचे, अशी सर्व कलमे खपत होती. त्यांना पत्ता जोडण्याचे काम कायद्याकडे आले.

परंतु कायद्याने आरंभ येथून केला नाही. त्याने आरंभ समुद्रकिनाऱ्यावरून केला. वर्ध्याच्या कापूसपट्ट्याला जवळचे वाटावे असे पहिले उदाहरण १९०६ चे आहे. अमेरिकेतील बोंडावरचा भुंगा हिंदुस्थानात येऊ नये म्हणून त्या वर्षी, अमेरिकेचा कापूस मुंबई बंदरातूनच आणि धुरी दिल्यावरच आत घेण्याचा निर्बंध घालण्यात आला. त्यानंतर १९१४ साली विनाशक कीटक व उपद्रव अधिनियम झाला. ह्या अधिनियमाची भाषा लक्षात घेण्यासारखी आहे. पिकाला अपाय करणारा ‘कीटक, बुरशी किंवा इतर उपद्रव’ असा तिचा विस्तार. कीटक डोळ्यांना दिसतो, बुरशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. ‘इतर उपद्रव’ ही जागा कायदेपंडितांनी सावधपणे मोकळी सोडली; तिच्यात पुढे काय येऊन बसेल ह्याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नव्हते, कारण वनस्पतींच्या विषाणूंचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेतच होते. मद्रास इलाख्याने १९१९ साली अंतर्गत बंदोबस्ताचा स्वतंत्र कायदा केला, आणि १९३८ च्या दुरुस्तीने एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात होणारी रोपांची ने-आण रोखण्याचा अधिकारही मध्यवर्ती सरकारकडे आला. १९४६ साली वनस्पतिसंरक्षण, संगरोध व साठवण संचालनालय स्थापन झाले. (‘संगरोध’ हा राजभाषेतला शब्द अद्याप कोणाच्या तोंडी बसलेला नाही, ज्या गोष्टीशी शेतकऱ्याचा संबंध बंदरावरच संपतो तिला घरगुती नाव मिळत नाही.)

ह्या सर्व कायद्यांच्या मागे एक गृहीत होते. रोग बाहेर आहे, आपण आत आहोत, आणि मध्ये दरवाजा आहे. लिंबूवर्गीय झाडांच्या बाबतीत हे गृहीत किती अपुरे आहे ते अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याने फार महागात शिकून घेतले. लिंबावरचा खैऱ्या, म्हणजे कँकर, हा जिवाणुजन्य रोग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तेथे पोहोचला तो जपानहून आलेल्या खुंटांच्या रोपांवरून. रोपवाटिकांतील लक्षावधी रोपे आणि बागांतील असंख्य झाडे जाळून टाकावी लागली. विशेष हे की, जाळलेल्या झाडांत रोपवाटिकेतील रोपांची संख्या बागेतील झाडांच्या कितीतरी पट होती. रोगाचा प्रवास बागेतून बागेत होण्याऐवजी रोपवाटिकेतून शेकडो बागांत होतो, हा त्यातून निघालेला धडा. खैऱ्याचे मूळ आशियातले. लंडनजवळील क्यू येथील वनस्पतिसंग्रहात १८२७–१८३१ ह्या काळात डेहराडून येथे गोळा केलेल्या महाळुंगाच्या पानांवर खैऱ्याचे व्रण असल्याचे फॉसेट आणि जेंकिन्स ह्यांनी १९३३ साली दाखवून दिले. म्हणजे ज्या रोगासाठी इतरांनी बंदरे बंद केली, तो आपल्याकडे आधीच घरचा होता. नागपुरी संत्रा खैऱ्याला बराचसा दाद देत नाही. कागदी लिंबू मात्र त्याला लगेच बळी पडते. त्यामुळे विदर्भातील संत्रेवाल्याने खैऱ्याची फारशी भीती बाळगली नाही. त्याचे खरे शत्रू निराळे होते.

विदर्भातील शेतकऱ्याने आपल्या शत्रूंना दिलेली नावे पाहिली म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. काळ्या माशीच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढून सारे झाड कोळशासारखे दिसू लागते, ती ‘कोळशी’. खोडातून डिंक पाझरतो तो ‘डिंक्या’. पानात नागमोडी वाट पोखरणारी ‘नागअळी’. शेंड्याकडून फांद्या वाळत येतात ती ‘शेंडेमर’. ही सर्व नावे लक्षणांची आहेत, कारणांची नाहीत. बोलीची ही रीत स्वाभाविक आहे आणि उपचारासाठी बऱ्याच अंशी पुरेशीही आहे. परंतु शेंडेमर हे एकच नाव मुळांच्या कुजण्याला, निचरा न होणाऱ्या जमिनीला, जस्ताच्या कमतरतेला आणि विषाणूला सारखेच लागू होते. नाव एक आणि कारणे चार असली की उपचार चुकतो. आणि कायदा तर आणखीच चुकतो, कारण कायद्याला एका शब्दाचा एकच अर्थ लागतो.

हा गुंता स्वातंत्र्योत्तर दोन दशकांत सुटू लागला. ब्राझीलमध्ये लक्षावधी संत्र्यांची झाडे मरू लागली तेव्हा तेथील लोकांनी त्या रोगाला ‘ट्रिस्टेझा’ हे नाव दिले. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ उदासीनता. हा रोग मावा पसरवतो हे १९४६ साली तेथे सिद्ध झाले. मुंबई राज्यातील लिंबूवर्गीय झाडांच्या ऱ्हासाशी ह्याच विषाणूचा संबंध असल्याचे वासुदेव व कपूर ह्यांनी १९५८ साली मांडले. त्यानंतर १९६६ साली ऑस्ट्रेलियातील लिलियन फ्रेझर ह्यांनी भारतीय सहकाऱ्यांसह असे प्रतिपादन केले की, भारतातील शेंडेमरीच्या मागे ‘ग्रीनिंग’ नावाचा रोग असण्याचा संभव आहे. आणि पुढल्याच वर्षी, १९६७ साली, कपूर व त्यांचे सहकारी ह्यांनी त्या रोगाचा प्रसार सिट्रस सायला ह्या किडीमार्फत होतो हे दाखविले. ही कीड अपरिचित नव्हती. हुसेन आणि नाथ ह्यांनी पंजाबात तिचा सविस्तर अभ्यास १९२७ सालीच प्रसिद्ध केला होता. कोवळ्या फुटीवर बसून रस शोषणारी म्हणून ती उपद्रवी मानली जात असे. ती रोगाची वाहक आहे हे कळण्यास चाळीस वर्षे लागली. ग्रीनिंगचे कारण प्रथम विषाणू समजले गेले. तो जिवाणू आहे हे पुढे उघड झाले, आणि १९९४ साली फ्रेंच संशोधकांनी त्याच्या आशियाई प्रकाराचे नामकरण केले तेव्हा आधार म्हणून घेतलेला नमुना ‘पूना’ ह्या नावाने ओळखला जाणारा, भारतातला होता. जगातील संत्र्यांच्या बागा उद्ध्वस्त करणाऱ्या जंतूच्या शास्त्रीय दप्तरात पुण्याचे नाव अशा रीतीने नोंदले गेले.

ह्या शोधांचा नियमनाच्या दृष्टीने अर्थ असा की, ट्रिस्टेझा काय किंवा ग्रीनिंग काय, दोन्ही रोग डोळकाडीतून कलमात जातात. बियातून ट्रिस्टेझा उतरत नाही. जंबेरीची स्वच्छ पन्हेरी तयार करावी, आणि रोगट झाडाच्या एका डोळ्याने ती दूषित करावी, असा प्रकार रोपवाटिकेत राजरोस घडू शकतो. त्यातही एक उपरोध आहे. जंबेरीचा खुंट ट्रिस्टेझा सहन करतो. म्हणून जंबेरीवरचे संत्रे विषाणू अंगी बाळगूनही तरारलेले दिसते. तोच जंबेरी फायटोफ्थोरा ह्या जमिनीतील बुरशीसदृश जंतूला मात्र हमखास बळी पडतो, आणि डिंक्या व मूळकूज त्यातून उद्भवतात. म्हणजे विदर्भाने जो खुंट शतकभर पत्करला, तो एका रोगाला झाकतो आणि दुसऱ्याला दार उघडतो.

राज्यांचे कायदे ह्याच सुमारास आले. पंजाबने १९६१ साली फळरोपवाटिकांचा कायदा केला. संसदेने १९६६ साली केलेल्या बियाणे अधिनियमात ‘बियाणे’ ह्या शब्दाच्या व्याख्येत रोपे, कंद, मुळे, छाटे आणि ‘सर्व प्रकारची कलमे’ ही अन्नपिके व जनावरांचा चारा ह्यांच्यापुरती अंतर्भूत करण्यात आली. भाषेच्या दृष्टीने ही व्याख्या धाडसाची आहे. ज्या क्रियेचा सारा हेतूच बीजाला टाळणे हा आहे, तिला कायद्याने बीजाच्या पोटात घातले. महाराष्ट्राने मात्र फळझाडांसाठी वेगळा मार्ग धरला आणि १९६९ साली महाराष्ट्र फळरोपवाटिका व फळझाडांची विक्री (विनियमन) अधिनियम संमत केला. ह्याच वर्षी अकोला येथे पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले हा योगायोगच. पण कायद्याला लागणारी तज्ज्ञांची फळी विदर्भात उभी राहण्याच्या दृष्टीने तो उपकारक ठरला.

ह्या पिढीतील कायद्यांचा गाभा तीन गोष्टींत आहे. परवान्यावाचून कोणी फळझाडांची रोपवाटिका चालवू नये. खुंट आणि डोळा कोठून आणला ह्याची नोंद मालकाने ठेवावी. आणि रोपवाटिकेतील रोपेच नव्हेत तर ज्यांच्यापासून ती केली ती मूळ झाडेही कीड-रोगांपासून मुक्त राखावीत. विक्रीच्या वेळी जातीचे व खुंटाचे नाव घेणाऱ्याला कळावे, अशीही अपेक्षा त्यांत आहे. १९१४ च्या कायद्याशी तुलना केली म्हणजे बदलाची दिशा ध्यानात येते. त्या कायद्याचा विषय रोग हा होता. ह्या कायद्याचा विषय कलमाची वंशावळ हा झाला. मातृवृक्ष हा शब्द आता प्रशासनाच्या भाषेत आला. निरीक्षकाला जे दिसत नाही ते नोंदवहीत वाचता यावे, ही कल्पना मूलतः योग्य होती आणि तिच्या मागे विषाणुशास्त्राची ताजी साक्ष होती.

व्यवहारात मात्र नोंदवही ही कलमाहून लवकर तयार होणारी वस्तू ठरते. मातृवृक्ष अमुक म्हणून लिहावयाचा आणि डोळकाड्या मिळतील त्या झाडावरून आणावयाच्या, हे रोखण्यास कायद्याजवळ निरीक्षकाच्या दोन डोळ्यांखेरीज साधन नव्हते; आणि ते दोन डोळे पाहणार काय, तर पानावरची नागअळी, कोळशी, फार तर खोडावरचा डिंक. ग्रीनिंगची पिवळी पाने जस्ताच्या कमतरतेने पिवळ्या पडलेल्या पानांसारखीच दिसतात. ट्रिस्टेझा तर जंबेरीवर वर्षानुवर्षे काहीच दाखवीत नाही. मुळांतील फायटोफ्थोरा पाहावयाचा तर रोप उपटावे लागते, आणि उपटलेले रोप विकता येत नाही. ह्या तिन्ही रोगांपुढे ‘रोगमुक्त’ हा कायद्याचा शब्द बराच काळ ‘रोगाची चिन्हे न दिसणारा’ एवढ्याच अर्थाने वावरला, असे म्हणणे भाग आहे.

खरे म्हणजे रोपवाटिकेतील काही साधे दोष ह्या सूक्ष्म रोगांइतकेच घातक होते, आणि ते उघड्या डोळ्यांना दिसणारे होते. डोळा जमिनीपासून वीतभर उंचीवर भरावा, म्हणजे फायटोफ्थोराला बळी पडणारा संत्र्याचा भाग ओल्या मातीपासून दूर राहतो, हे वर्षानुवर्षे सांगितले जाते. खाली डोळा भरला तर काम लवकर उरकते आणि कलम लवकर विक्रीस येते. मग शेतकरी लागवड करताना जोडच मातीत पुरतो, आळ्यात पाणी साचते, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी डिंक्या दिसू लागतो. काळ्या भारी जमिनीतील वाफे वर्षानुवर्षे तेच. पाणी मोकळे सोडलेले. त्यामुळे एका वाफ्यातील जंतू पुढल्या दहा पिढ्यांच्या रोपांना लाभतो. कलम मातीच्या गोळ्यासह उचलले की तो जंतूही नव्या बागेत फुकट पोहोचतो. परवाना देताना कागदपत्रे तपासण्याऐवजी निरीक्षकाने पट्टी घेऊन डोळ्याची उंची मोजली असती, तरी विदर्भातील पुष्कळ बागा वाचल्या असत्या.

दृष्टीचा हा अभाव भरून निघण्यास संस्थात्मक आधार लागला. राष्ट्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन केंद्र १९८५ साली नागपूर येथे स्थापन झाले. तेच पुढे केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था झाले. सेवाग्रामपासून नागपूर पाऊणशे किलोमीटरवर. तेथे रुजविलेल्या पद्धतीत वाफ्यांची जुनी शेतीच बाद होते. पन्हेरी निर्जंतुक केलेल्या माध्यमात वाढवावयाची, कलमे जमिनीत न ठेवता पिशव्यांत ठेवावयाची, मातृवृक्ष कीटकरोधक जाळीच्या आत सांभाळावयाचे, आणि त्यांची विषाणू व ग्रीनिंगसाठी प्रयोगशाळेत चाचणी करावयाची. ज्या उत्तम जातीचे निरोगी झाडच उरलेले नाही, तिच्या शेंड्याचा सूक्ष्म अग्रभाग पन्हेरीवर जोडून रोगमुक्त झाड पुन्हा मिळवावयाचे. कायद्याच्या शब्दाला अर्थ देण्याचे सामर्थ्य प्रथमच कोणाच्या तरी हाती आले.

परदेशांत ह्या पद्धतीला सक्तीचे रूप मिळाले. ब्राझीलच्या साओ पावलो राज्याने दुसऱ्याच एका रोगाच्या भयाने २००३ च्या आरंभापासून सर्व लिंबूवर्गीय रोपवाटिका जाळीच्या आत नेण्याची सक्ती केली. पुढल्याच वर्षी ग्रीनिंग त्या देशात सापडला, तेव्हा निदान रोपवाटिका तरी त्याच्यासाठी बंद होत्या. फ्लॉरिडात ग्रीनिंग २००५ साली आढळला आणि रोपवाटिका त्यानंतर झाकल्या गेल्या. तोवर उघड्यावर वाढलेली रोपे ठिकठिकाणी पोहोचलेली होती. दोन-तीन वर्षांच्या ह्या अंतराचे मोल पुढे बागायतदारांनीच मोजले.

विदर्भात अशी सरसकट सक्ती का झाली नाही, ह्याचे उत्तर केवळ शासनाच्या शैथिल्यात शोधणे अन्यायाचे होईल. साओ पावलो येथील रोपवाटिका हा भांडवली उद्योग आहे. शेंदुरजना घाटचा कलमदार हा बहुतेक अल्पभूधारक, घरच्या माणसांच्या हातांनी डोळे भरणारा कारागीर आहे. जाळीचे घर, पिशव्या, निर्जंतुक माध्यम आणि चाचणीचा खर्च त्याच्यावर लादला तर धंदा थोड्या धनिकांकडे जाईल आणि डोळा भरणारे हात मजुरीला लागतील. कुमारप्पांनी ही शंका प्रथम उपस्थित केली असती ह्यात संशय नाही. तथापि नियमनमात्राला विरोध ही त्यांची भूमिका नव्हती, हेही विसरता कामा नये. गावाच्या गरजांनुसार समतोल लागवड व्हावी म्हणून कोणत्या जमिनीत कोणते पीक घ्यावे ह्याचे परवाने शेतकऱ्यांना द्यावेत, असे त्यांनीच सुचविले होते. एकाच्या कृतीने दुसऱ्याची जमीन वा अन्न बिघडत असेल, तर समाजाने हात धरावा, हे मगनवाडीच्या विचाराला मान्य होते. गांधीजींनीही १९४६ साली ‘हरिजन’मधून, पिके फस्त करणाऱ्या प्राण्यांना अहिंसेच्या नावाखाली मोकळे सोडणे योग्य नव्हे, असे स्पष्ट बजावले होते. रोगट मातृवृक्ष तोडण्यास नैतिक अडचण वर्ध्यात तरी नसावी. अडचण आहे ती तोडलेल्या झाडाची भरपाई कोणी करावी ही, आणि ह्या विषयावर १९६९ च्या कायद्याकडून फारशी अपेक्षा करता येत नाही.

फसवणूक झालेल्या शेतकऱ्याला दाद कोठे मिळते, हाही नियमनाचाच भाग आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम १९८६ साली आला. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच होय, आणि बियाणे अधिनियम अस्तित्वात असल्यामुळे त्याचा ग्राहक न्यायमंचाकडे जाण्याचा मार्ग बंद होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात दिला. हा निर्णय शेतकऱ्याच्या हिताचा खरा; पण कलमाच्या संदर्भात त्याची कसोटी अवघड आहे. तक्रारीची मुदत दावाकारण घडल्यापासून दोन वर्षांची. संत्र्याच्या कलमाचे दावाकारण घडते केव्हा? डोळा भरला त्या दिवशी, विक्रीच्या दिवशी, की पाचव्या वर्षी झाड पिवळे पडले त्या दिवशी? आणि पाचव्या वर्षी तो रोग रोपवाटिकेतून आला की शेजारच्या बागेतील सायलाने आणला, हे सिद्ध कोण करणार? पावती, खुंटाचे नाव, मातृवृक्षाचा क्रमांक ही कागदपत्रे नसतील तर हा प्रश्न विचारताही येत नाही. ज्या नोंदवहीची वर टीका केली, तिचे खरे मोल येथे दिसते. ती रोग थांबवीत नाही. पण पाच वर्षांनंतर प्रश्न विचारण्याचा अधिकार ती राखून ठेवते. ह्या एका कारणासाठी तरी पावती मागण्याची सवय शेतकऱ्याने, आणि ती देण्याची सवय कलमदाराने लावून घेणे इष्ट आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी ‘क्लीन प्लांट’ कार्यक्रमास मान्यता दिली. त्याची तरतूद १,७६५.६७ कोटी रुपयांची असून नऊ केंद्रे योजलेली आहेत. त्यांपैकी लिंबूवर्गीय फळांचे एक केंद्र नागपुरास आहे. रोगचाचणी, रोगमुक्तीचे उपचार आणि मूळ मातृवृक्षांची जोपासना ही कामे अशा केंद्रांनी करावयाची, आणि तेथून निघालेली डोळकाडी रोपवाटिकांनी वाढवावयाची, अशी ही रचना आहे. कलमदाराला स्वतः प्रयोगशाळा बाळगण्याची गरज न ठेवता स्वच्छ डोळा पुरविणे, हा लहान कारागिराला धंद्यात राखण्याचा मार्ग होऊ शकतो. अट एवढीच की डोळकाडी वेळेवर आणि त्याच्या आवाक्यातील भावात मिळाली पाहिजे. डोळे भरण्याचा हंगाम कार्यालयीन पत्रव्यवहारासाठी थांबत नाही.

एक जुना प्रश्न मात्र नकाशाचा आहे. १९५६ पूर्वी नागपूर, वर्धा, अमरावती आणि छिंदवाड्याकडील सौंसर-पांढुर्णा हा सारा संत्र्याचा मुलूख एकाच राज्यात होता. राज्यपुनर्रचनेने त्याचे दोन भाग झाले. महाराष्ट्राचा १९६९ चा परवाना पांढुर्ण्यास लागू होत नाही. शेंदुरजना घाट ह्या सीमेच्या अगदी लगत आहे. मावा आणि सायला सीमा पाळत नाहीत, आणि डोळकाड्यांची ओल्या फडक्यात गुंडाळलेली जुडी सायकलच्या कॅरियरवरूनही पलीकडे जाते. आंतरराज्य ने-आण रोखण्याचा अधिकार १९३८ च्या दुरुस्तीपासून केंद्राकडे आहे. संत्र्याच्या डोळकाडीसाठी तो ह्या सीमेवर वापरावयाचा, की दोन्ही राज्यांनी एकच नोंदवही मानावयाची, हा निर्णय दोन्हीकडच्या कृषी खात्यांच्या हाती आहे.